बॅलेचा क्लास काढायचाय, पण कधी?

खानापूरच्या एका आईचं पत्र आहे. मुलगी १९ वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीनं बेळगावला ये-जा. आठ वर्षं भरतनाट्यम् शिकली, वर्षभर मोबाईलवर बघून बॅले करते. आता म्हणते, टिळकवाडीत बॅलेचा क्लास काढून द्या. “चवड्यावर उभं राहून पोट भरतंय व्हय?” असं आजी विचारते. ताई, तुमचाही प्रश्न तोच आहे, फक्त तुम्ही जरा सभ्य भाषेत लिहिलाय.

क्लास काढून देऊ नका. निदान तीन-चार वर्षं तरी. बॅलेत पाऊल बाहेर वळतं ते खुब्यातून. तिथून न वळवता नुसतं पाऊल ओढूनताणून फिरवलं तर मार गुडघ्यावर येतो, आणि ही चूक शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाला दिसते, मोबाईलला नाही. उद्या सहा-सात वर्षांची पोरं हिच्या हाताखाली येतील. टोकाला कडक असलेले पॉइंट शूज साधारण ११-१२ वर्षांच्या आधी देत नाहीत, तेही पायात तेवढी ताकद आली असेल तरच. आईवडिलांना मात्र पहिल्याच महिन्यात गुलाबी बुटातला फोटो हवा असतो. त्यांना “नाही” म्हणता येणं हे या नोकरीतलं निम्मं काम. शिवाय टाइल्सवर उड्या मारून घेता येत नाहीत. खाली लवचीक लाकडी जमीन लागते, म्हणजे भाड्याच्या खोलीतही खर्च आलाच.

भरतनाट्यम् वाया जाणार नाही. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यम्च्या अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेर जातात तसेच प्लिएत, म्हणजे बॅलेत गुडघे वाकवताना जातात. पण तिथं तळवा आपटायची सवय लागलेली, आणि इथं उडीवरून उतरताना आवाज होता कामा नये: आधी बोटं, मग चवडा, मग टाच, गुडघे वाकवत. आठ वर्षांचं वळण मोडायला वेळ जाणारच.

रंगमंचावर नाचायचं असेल तर १९ हे वय उशिराचं आहे. दिल्लीचा कमल सिंग १७ व्या वर्षी सुरू करून २०२० साली लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये पोचला, पण असे किती? शिकवण्यासाठी मात्र उशीर झालेला नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या ग्रेड परीक्षा भारतातही होतात, आणि शिक्षकांसाठी तिचे वेगळे कोर्स आहेत. त्याआधी स्वतःचा नाच पक्का हवा. त्यासाठी बेंगळुरूला लुईस फाउंडेशन ही बॅलेची शाळा आहे, रात्रीच्या गाडीचा प्रवास.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर: बेळगावात नुसत्या बॅलेवर घर चालेल असं मी म्हणणार नाही. शाळांमधले तास, उन्हाळी शिबिरं, जोडीला भरतनाट्यम्ची बॅच, असं जमवावं लागेल. म्हणून बी.कॉम. पुरं करू द्या, हिशेब तिलाच ठेवायचाय. एक गोष्ट तिच्या बाजूची: घरी मराठी, बसमध्ये कन्नड, कॉलेजात इंग्रजी, तिन्ही घरांतली पोरं ती सांभाळेल. आपल्याकडे पाटीच्या भाषेवरून भांडणं होतात, पण बॅलेचे शब्द फ्रेंच, प्लिए सगळ्यांना प्लिएच.

परीक्षा संपल्या की तिला बेंगळुरूला मोठ्यांच्या नवशिक्या वर्गात घालता येतं का, बघा. महिनाभर बार (सरावाचा आडवा दांडा) धरून रोज तेच ते करून ती परत आली, की मला पुन्हा लिहा. तिनंच लिहिलं तर उत्तम.