कोल्ड रूम म्हणजे घरातलं अंगण

सप्टेंबर आला की शेतावरून बटाट्याची 50 पौंडांची पोती घरी येतात आणि ती ठेवायची कुठे, हे नंतर सुचतं. यंदा बेसमेंटचं काम काढलेल्या ओंटारिओतल्या बऱ्याच वाचकांनी कोल्ड रूमबद्दल, म्हणजे भाजी-फळं साठवायच्या तळघरातल्या गार खोलीबद्दल, विचारलं आहे. त्यातले चार प्रश्न घेतो.

पोर्चखाली बिल्डरने दिलेली कोल्ड रूम आहे. थंडीत छताला थेंब लटकतात, कोपऱ्यात काळी बुरशी आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, बाहेरच्या भिंतींना फोम लावून ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड) मारू आणि दार आहे तेच ठेवू. करू का? (ब्रॅम्प्टन)

नका करू. बाहेरची भिंत पूर्ण झाकलीत की मातीचा गारवा आत येणं बंद होईल. उरेल ती कोंदट अडगळीची खोली, आणि ड्रायवॉलमागे बुरशी कोणाला न दिसता वाढेल.

आधी ओल येते कुठून ते बघा. प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवस विसरून जा. पाणी प्लास्टिकच्या मागे जमलं तर ते भिंतीतून येतंय. मग आधी बाहेरचा निचरा आणि पोर्चच्या भेगा दुरुस्त करा. पाणी पुढच्या बाजूला जमलं तर ते तुमच्याच घरातलं आहे. भाताची, आंघोळीची, कपड्यांची उबदार वाफ दारातून आत शिरते आणि गार काँक्रीटवर थेंब होऊन बसते. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत हेच निघतं.

म्हणून ही खोली घराची समजूच नका. ते अंगण आहे, नुसतं तळघरातून दार काढलेलं. घर आणि खोली यांच्यामधल्या भिंतीत भरपूर इन्सुलेशन हवं. व्हेपर बॅरियर, म्हणजे वाफ अडवणारा थर, त्या भिंतीच्या उबदार, म्हणजे घराच्या अंगाला. छत म्हणजे पोर्चचा स्लॅब. त्याला आणि भिंतीच्या वरच्या उघड्या भागाला खालून फोम चालेल, पण खालची भिंत आणि जमीन उघडीच ठेवा. फोम उघडा सोडू नका, आगीच्या दृष्टीने त्यावर काय आवरण लागतं ते सिटीत विचारा.

आणि ते दार बदला. आतल्या खोल्यांचं पोकळ दार इथे कुचकामी. बाहेरच्या दरवाज्यासारखं, इन्सुलेशन भरलेलं, रबरी पट्टीचं दार हवं. पाच डॉलरची नोट फटीत धरून दार लावा आणि नोट ओढा. अलगद निसटली तर पट्टी नीट बसलेली नाही.

पोर्चखाली जागा नाही. कोणता कोपरा घ्यावा? (मिसिसागा)

उत्तरेचा. ईशान्य मिळाली तर उत्तम, पण तिथे देवघर आहे म्हणून घरात वाद झाला तर मला मध्ये ओढू नका. फर्नेस, ड्रायर, गीझर यांच्यापासून लांब, दोन बाजूंना बाहेरची भिंत असलेला कोपरा बघा. तिथे खिडकी असेल तर नशीब समजा: काच काढून फळी बसवा आणि हवा आत-बाहेर करणारे दोन्ही पाइप (व्हेंट) तिच्यातूनच न्या, काँक्रीट कापायचा खर्च वाचतो. चार बाय सहा फूट चौघांच्या घराला पुष्कळ.

दोन व्हेंट कशाला? आणि उणे 20ला सगळं गोठणार नाही का? (किचनर)

गार हवा जड. ती चार इंची पाइपने आत घेऊन जमिनीपासून फूटभर वर सोडा. समोरच्या कोपऱ्यात छताजवळ दुसरा पाइप, त्यातून उबदार हवा बाहेर. दोन्हीला उंदीर अडवणारी जाळी आणि बंद करायचं झाकण हवं. कडाक्याच्या थंडीत खालचा पाइप बंद करा. उन्हाळ्यात दोन्ही बंद, कारण जुलैची दमट हवा गार भिंतीवर पुन्हा थेंबच धरते. आत वीस-पंचवीस डॉलरचा तापमान-आर्द्रता मीटर टांगा, अंदाजावर राहू नका.

काय ठेवायचं? तांदूळ-पिठाच्या गोण्या, हापूसची पेटी, कढीपत्त्याची कुंडी चालेल ना? (मार्कम)

तिन्ही नाही. गाजर, बीट, कोबी यांना 0 ते 4 अंश आणि 90 टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. त्या हवेत पिठाला बुरशी धरेल. बटाटे अंधारात, 4 अंशांच्या खाली नकोत, गोडसर होतात. सफरचंदं त्यांच्या शेजारी नकोत, त्यांच्या वायूने बटाट्याला कोंब फुटतात आणि गाजर कडू होतं. कांदा-लसूण कोरडी हवा मागतात, म्हणून त्यांची जाळीची पिशवी खोलीबाहेर बेसमेंटच्या गार कोपऱ्यात टांगा. कच्चा हापूस, वांगी, आलं, रताळी यांना 10-12 अंशांखाली थंडी बाधते. आंबा वरून पिवळा होईल, पण चव येणार नाही. आईच्या हातचं तेल-मिठाचं लोणचं खुशाल ठेवा, फक्त बरणीचं झाकण पत्र्याचं नको, गंजतं.

कढीपत्ता दक्षिणेच्या खिडकीत. डिसेंबरात पानं गाळेल, घाबरून पाणी घालत बसू नका.