लंडनचं वेस्ली चॅपल व म्युझियम कसं पाहावं?

ओल्ड स्ट्रीट स्टेशनवर उतरून सिटी रोडने दक्षिणेकडे पाच-सात मिनिटं चाला. आधी चॅपल, म्हणजे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचं प्रार्थनागृह पाहा, ते 1778 चं आहे. इथले मूळ खांब जहाजांच्या डोलकाठ्यांचे होते. 1891 मध्ये त्यांच्या जागी जॅस्पर दगडाचे खांब आले. म्युझियम तळघरात आहे, ते चुकवू नका. शेजारच्या घरात जॉन वेस्ली 1791 मध्ये वारले. तिथली छोटी प्रार्थनेची खोली आणि विजेने उपचार करायचं त्यांचं यंत्र सावकाश पाहा. अनेकजण पुढूनच परततात आणि चॅपलमागची त्यांची समाधी राहून जाते. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा फिरता येत नाही. घराची वेळ वेगळी असू शकते, आधी विचारा.