सायलेन्सरमधून जाणारी ऊर्जा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हायब्रिड गाडीच्या माहितीपत्रकात ‘ॲटकिन्सन सायकल’ इंजिन असं लिहिलंय. साध्या पेट्रोल इंजिनापेक्षा त्यात वेगळं काय?

उत्तर: जर्मन अभियंता निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये घडवलेल्या चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन पेट्रोल-हवेचं मिश्रण जितकं दाबतो, तितकंच जळालेल्या वायूला पसरू देतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. सायलेन्सर काढलेली गाडी कानठळ्या बसवते, ती या दाबामुळेच. आपण पैसे मोजून भरलेलं पेट्रोल त्या आवाजातून उडून जातं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

जेम्स ॲटकिन्सनने १८८० च्या दशकात सांधेदार दांड्यांची रचना करून पसरण्याचा स्ट्रोक दाबण्याच्या स्ट्रोकपेक्षा लांब केला. ती यंत्रणा फार गुंतागुंतीची होती. १९९७ च्या टोयोटा प्रियसमध्ये तेच काम व्हॉल्व्हकडून करून घेतलं. पिस्टन वर येऊ लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच राहतो आणि थोडं मिश्रण परत मागे जातं. म्हणजे दाबायचं कमी, पसरू द्यायचं पूर्ण. प्रियसच्या चौथ्या पिढीच्या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता (इंधनातल्या ऊर्जेपैकी कामी येणारा वाटा) टोयोटाने ४० टक्के सांगितली. पेट्रोल इंजिनासाठी ही मोठी मजल आहे.

प्रश्न: मग माझ्या मोटरसायकलला हेच का देत नाहीत?

उत्तर: मिश्रण परत गेलं की तेवढ्याच सीसीमध्ये ताकद कमी मिळते. डबलसीट खंबाटकी घाट चढताना ते लगेच जाणवेल. हायब्रिडमध्ये ही उणीव विजेची मोटर भरून काढते. अभियंता राल्फ मिलरने १९५७ च्या पेटंटमध्ये त्यासाठी अशाच इंजिनाला सुपरचार्जर, म्हणजे जास्तीची हवा आत कोंबणारा पंप, जोडला होता.

प्रश्न: मेकॅनिक म्हणतो, सिलिंडर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवू, ॲव्हरेज वाढेल. करू का?

उत्तर: करू नका. त्याचं तत्त्व बरोबर आहे: आदर्श ऑटो सायकलची (ऑटोच्या इंजिनाच्या कागदावरच्या हिशेबाची) कार्यक्षमता कॉम्प्रेशन १० असताना, म्हणजे मिश्रण दाबून एक दशांश जागेत बसवलं तर, ६० टक्के येते, १२ असताना ६३. पण कॉम्प्रेशन जास्त वाढवलं की ठिणगी पडल्यावर ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, इंजिन ठोके मारू लागतं आणि पिस्टन फुटू शकतो. डिझेल इंजिन आधी नुसती हवा दाबतं, त्यामुळे त्याला ही भीती नाही. तुमच्या गाडीत मात्र कंपनीने ठरवलेलंच कॉम्प्रेशन राहू द्या.