रायफल हाताशी असताना लोक हँडगनने हरणाची शिकार का करतात?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. अमेरिकेत रायफल सहज मिळत असताना काही जण हँडगनने, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरने, मोठं जनावर का मारायला जातात, त्यात जनावराचे हाल होत नाहीत का, आणि एच-वन-बी व्हिसावर आलेल्या माणसाला हे करता येतं का. मी १९ वर्षं ओहायोत आहे आणि त्यातले ११ हंगाम रिव्हॉल्व्हर घेऊन व्हाइटटेल हरणांच्या मागे गेलोय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

हो, हाल होतात. माझ्या हातून झालेत.

माझा दुसरा हंगाम होता. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीने हरणाची शिकार करायचा आठवडा सुरू होतो, त्यातला बुधवार. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या कापलेल्या मक्याच्या कडेला, ओकच्या झाडावर माझं मचाण. दिवस मावळायला आला आणि एक मादी साधारण ८० यार्डांवर उघड्यावर आली. सरावात मी ५० यार्डांपुढे कधीच बार काढला नव्हता. तरी काढला, कारण रिकाम्या हाताने घरी जायचं जिवावर आलं होतं. गोळी मागे, पोटात लागली. तिने पाठीची कमान केली आणि पळालीही नाही, चालत झाडीत शिरली. जमिनीवर रक्त थोडं, हिरवट चोथा जास्त. रात्री दहापर्यंत टॉर्च घेऊन माग काढला, दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुन्हा गेलो. ओढ्यापाशी माग तुटला. ती मला मिळाली नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तरही तेच आहे: हंगामाआधी आपलं अंतर ठरवायचं आणि त्यापलीकडे कितीही मोठा नर उभा राहिला तरी चापाला बोट लावायचं नाही. माझं अंतर बसून, टेकू घेऊन ४५ यार्ड. उभ्याने, बिनटेकूचं २५.

अंतराचा एवढा बाऊ का, ते हिशेबाने पाहा. साडेसात इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर नेम धरायची मागची खाच आणि पुढचा दांडा यांत जेमतेम २५ सेंटिमीटर असतात. दांडा खाचेत फक्त एक मिलिमीटर डावीकडे सरकला, तर ४५ मीटरवर गोळी १८ सेंटिमीटर बाजूला जाते. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून मारा करायची जागाच मुळी आठ-नऊ इंचांची, म्हणजे मधल्या नेमापासून ती संपली. दुर्बीण नसलेल्या, साध्या साइटच्या (खाच-दांड्याच्या) रायफलवर ते दोन बिंदू ६० सेंटिमीटर दूर असले, तर तीच चूक साडेसात सेंटिमीटरवर येते. शिवाय रायफलला खांदा, गाल आणि दोन हात असे चार आधार मिळतात. इथे सगळा भार दोन मनगटांवर.

गोळीचा वेगही वेगळा. .४४ मॅग्नम या हँडगनच्या काडतुसाची २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण १,३०० ते १,४०० फूट जाते; .३०-०६ रायफलची १८० ग्रेनची गोळी २,७०० च्या आसपास. त्यामुळे ५० यार्डांवर नेम बसवलेली .४४ ची गोळी १०० यार्डांवर पाच-सहा इंच खाली उतरते. रायफलची वेगवान गोळी आत फुलून मोठी जखम करते, तर हँडगनची जड, सपाट टोकाची गोळी सरळ भोक पाडत आरपार जाते. खांद्याच्या मागे, जनावर आडवं उभं असताना ती फुप्फुसांतून गेली, तर हरीण पन्नास-शंभर यार्ड पळून पडतं, आणि दोन्ही बाजूंनी रक्त सांडल्यामुळे माग स्पष्ट मिळतो. समोरून किंवा मागून, तिरकं उभं असेल तर मी थांबतो. बार बसल्यावरही अर्धा तास मचाणावरून उतरत नाही. लगेच मागे लागलं की पडायला आलेलं जनावर उठून आणखी दूर जातं.

आता पहिला प्रश्न, का करतात. यात थोडा इतिहास आहे. शिकारीत हँडगन ही कल्पना आपल्याकडेही होती, पण बचावासाठी. एकोणिसाव्या शतकात हत्तीवरून वाघाच्या शिकारीला जाणारे इंग्रज जाड नळ्यांचं आखूड पिस्तूल जवळ ठेवत. जखमी वाघ हत्तीवर चढलाच तर हातभर अंतरावरून झाडायला. त्याचं इंग्रजी नावच मुळी आपल्या हौद्यावरून पडलं, हौदा पिस्तूल. मुद्दाम हँडगन घेऊन मोठ्या सावजामागे जायची रीत मात्र अमेरिकेतली. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आली, तेव्हा स्मिथ अँड वेसन या बंदुकीच्या कंपनीच्या डग्लस वेसन यांनी स्वतः ती घेऊन एल्क आणि मूस ही मोठी हरणं मारून दाखवली. आयडाहोतले गुरंवाले आणि लेखक एल्मर कीथ यांनी जुन्या .४४ स्पेशलमध्ये जास्त दारू भरून वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्यातून १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम जन्मली. १९६७ मध्ये थॉम्पसन सेंटर कंपनीचं काँटेंडर पिस्तूल आलं, एका वेळी एकच काडतूस घेणारं, नळी बदलता येणारं. त्यावर दुर्बीण लावली की ते जवळपास आखूड रायफलच होतं. २००३ मध्ये .५०० स्मिथ अँड वेसन आली. माझ्या मते व्हाइटटेलसाठी तिची गरज नाही. तिच्या धक्क्याने नव्या माणसाला बार काढताना दचकायची सवय लागते.

ओहायोत तर ‘रायफल असताना’ हा शब्दच पुरता लागू पडत नाही. इथली बरीच जमीन सपाट, शेतं आणि घरं एकमेकांत मिसळलेली. लांब जाणाऱ्या रायफलच्या गोळीची भीती म्हणून हरणासाठी कित्येक वर्षं धनुष्यबाणाशिवाय स्लगची (छर्‍यांऐवजी एकच जाड गोळी उडवणारी) शॉटगन, ठासणीची बंदूक आणि हँडगन एवढ्यालाच मुभा होती. रायफलला २०१४ पासून परवानगी मिळाली, तीही सरळ नळकांड्यासारख्या काडतुसांच्या; .३०-०६ नाहीच. हँडगनसाठी नळी किमान पाच इंच आणि काडतूस .३५७ किंवा त्याहून मोठं, सरळ बाजूंचं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नियम वेगळे आहेत, तेव्हा ज्या राज्यात जाल तिथली पुस्तिका त्याच वर्षीची वाचा.

आणि माझं स्वतःचं कारण. माझे आजोबा सिंधुदुर्गातले. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. भाताच्या मळ्यात डुकरं उतरायची, आणि आजोबा सांगायचे की बार एकच, पुन्हा ठासेपर्यंत सगळं संपलेलं, म्हणून जवळ येऊ द्यायचं. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने भारतात हौसेची शिकार बंद झाली, ती योग्यच झाली. इथलं वाचून तिकडे कुणी काही करू नये.) मचाणावर रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन बसलो की तेच ‘जवळ येऊ दे’ मला जगता येतं. ३० यार्डांवर हरीण आलं की ओकची फळं चावतानाचा कटकट आवाज ऐकू येतो, नाकातून निघणारी वाफ दिसते, कान कुठे वळले ते दिसतं. तेवढ्या अंतरावर आपण काय घेतोय हे नीट कळतं. मांस आम्ही खातो. दुसरं हरीण मिळालं तर गरजूंच्या अन्नछत्राला देतो.

तिसरा प्रश्न. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे राज्याने दिलेला चालू शिकार परवाना. तो संपला की अपवादही संपला. रेंजवर मित्राची बंदूक हातात धरणं हेही बाळगणंच, हे पुष्कळांना माहीत नसतं. ग्रीन कार्ड असेल तर ही विशिष्ट मनाई नाही. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ लागतं. एवढ्यावर विसंबू नका, आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. इथली चूक व्हिसावर येते.

मग हंटर एज्युकेशनचा कोर्स, परवाना, हरणाचं वेगळं परमिट, नारिंगी जाकीट. पहिला हंगाम शॉटगनने करा, माग काढायला शिका. दरम्यान .२२ च्या रिव्हॉल्व्हरवर हात बसवा, नंतर .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशलची सौम्य काडतुसं घाला. नजर पुढच्या दांड्यावर, हरीण थोडं धूसर दिसलं तरी चालेल. मित्राला सिलिंडरमध्ये मधे एखादं रिकामं काडतूस घालायला सांगा. रिकाम्यावर घोडा पडला आणि नळी खाली झुकली, तर तुम्ही आवाजाला दचकताय. कानांना संरक्षण मचाणावरही हवंच. आणि टेकू घेताना डाव्या हाताची बोटं सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ कधीही नेऊ नका. तिथून निघणारा जळता वायू बोट फाडतो. माझ्या हातमोज्याची काळी पडलेली, चिरलेली कड मी अजून ठेवली आहे; बोट थोडक्यात वाचलं.

शेवटी नऊ इंची कागदी प्लेट घ्या, मधे ठिपकाही काढू नका, कारण हरणावर ठिपका नसतो. २५ यार्डांवरून पाच गोळ्या. पाचही आत बसल्या तर पाच यार्ड मागे सरका. ज्या अंतरावर एक जरी बाहेर गेली, त्याच्या आधीचं अंतर तुमचं. ते काय आलं मला कळवा; मचाण शेताच्या कडेला बांधायचं की आत झाडीत, हे त्यावरूनच सांगता येईल.