लिनक्स सर्व्हरवर कोणी कोणती कमांड चालवली, याची नोंद ठेवायला ऑडिटडीचा (लिनक्समधल्या घडामोडी लॉगमध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रामचा) कोणता नियम लावू? सर्व्हर स्लो होईल का?

नियम सगळीकडे मिळतो तोच: एक्झेकव्हीई या सिस्टीम कॉलवर (प्रोग्राम सुरू करायला कर्नलला केलेली मागणी) ‘ऑलवेज, एक्झिट’, म्हणजे प्रत्येक वेळी नोंद करा; एकदा बी६४ (६४-बिट) साठी, एकदा बी३२ (३२-बिट) साठी, आणि नोंदी शोधायला सोपी अशी एक की, म्हणजे खुणेचं नाव. ऑडिटच्या रूल्स.डी फोल्डरमध्ये फाईल टाका, ऑजेनरूल्स या कमांडने नियम लोड करा, झालं. पण त्या नियमाच्या शेवटी ‘एयूआयडी (मुळात लॉगिन कोणी केलं त्याचा नंबर) १००० किंवा जास्त’ अशी अट चिकटवलेली असते. ती न वाचता पेस्ट करू नका. मी हे उत्तर लिहितोय ते त्या अटीमुळेच.

पूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे सगळे थेट रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, एसएसएच (दुरून लॉगिन) करायचे. पासवर्ड एक, वापरणारी अख्खी टीम. आमच्या सीनियर साहेबांनी इंटरनेटवरून नियम उचलला, ऑडिटरला दाखवला, शाबासकी घेतली. मग एका रात्री क्लायंटचा अपलोडचा फोल्डर उडाला. ऑसर्च (ऑडिटच्या नोंदी शोधायची कमांड) चालवलं, तर उत्तर ‘नो मॅचेस’. येणारच होतं! एयूआयडी लॉगिनच्या वेळी ठरतो, मग सुडो करा नाहीतर सु करा (दुसऱ्या खात्याचे अधिकार घ्या), तो बदलत नाही. हीच त्याची खरी ताकद. पण लॉगिनच रूटने केलं की तो शून्य. आणि आमचा नियम १००० च्या खालचं काहीच लिहीत नव्हता.

मग साहेबांनी रूटची बॅश हिस्टरी (शेलमध्ये टाइप केलेल्या कमांडची यादी) उघडली. तळाशी आरएमची (फाईल पुसायच्या कमांडची) ओळ, वेळेचा पत्ता नाही, कारण वेळ नोंदवणारं हिस्टटाइमफॉरमॅट हे सेटिंग कोणी लावलंच नव्हतं. शेवटची ओळ म्हणजे शेवटची शिफ्ट, आणि शिफ्टवर होती नवीन लागलेली मुलगी. झाला निकाल. मी मीटिंगमध्ये सांगितलं की बॅश हिस्टरी फाईलमध्ये जाते ती शेल बंद होताना. कोणाचं दुपारी उघडलेलं टर्मिनल सकाळी बंद झालं, तर त्याच्या ओळी सगळ्यांत खाली बसतात. ओळींच्या क्रमावरून कमांड कधी चालली हे सिद्ध होत नाही. त्यावर मला ऐकवलं, “तू थिअरी सांगू नकोस.” ती दोन महिन्यांत सोडून गेली. फोल्डर कोणी उडवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि साहेब अजून सांगत फिरतात की ऑडिटडी बेकार आहे, त्यात काही सापडत नाही.

म्हणून आधी रूटचं थेट लॉगिन बंद करा, प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या. ते जमणार नसेल तर ऑडिटच्या गप्पा मारू नका. १००० ची अट काढा, म्हणजे रूटच्या क्रॉनमधलं (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं) आणि सर्व्हिसने स्वतःहून चालवलेलंही दिसेल. सर्व्हिसचा एयूआयडी ‘अनसेट’ असतो, तो वगळणारी अटही त्याच नियमात असते, तीही काढा. “लॉग भरून जाईल” हे साहेबांचं आवडतं वाक्य होतं. भरू दे की! मॉनिटरिंगचा जो प्रोग्राम सारखा चालतो, त्याच्यापुरता ‘नेव्हर’ (नोंद करू नका) नियम वर टाका. पहिला जुळलेला नियम लागू होतो, त्यामुळे तो खाली टाकून उपयोग नाही.

जागेचं मात्र बघा. रेड हॅटमध्ये मूळ सेटिंग ८ एमबीच्या ५ फायलींची आहे, म्हणजे सगळी मिळून ४० एमबी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगतात. तेव्हा लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा. रूट असलेला माणूस या मशीनवरचे पुसू शकतो.

स्लो होईल का? थोडा भार पडतो. बिल्ड सर्व्हरसारखं सतत नवीन प्रोसेस काढणारं मशीन असेल तर आधी टेस्टवर मोजा; साध्या वेब सर्व्हरवर मला कधी जाणवलं नाही.

राहिलेलं: सीडी, एक्स्पोर्ट ही शेलची स्वतःची कामं, ती एक्झेकव्हीईत येत नाहीत. कमांडच्या ओळीत पासवर्ड लिहायची सवय असेल तर तो लॉगमध्ये जाईल, म्हणून ती फाईल कोण वाचू शकतो ते तपासा. नियमांच्या फाईलमधल्या ‘-ई २’ या ओळीने नियम कुलूपबंद होतात, मग बदलायला रीबूटच लागतो. ते सगळं तपासून झाल्यावर, सर्वांत शेवटी टाका.