उत्तर : नव्या सीईओच्या वर्षातली घसरण खरी आहे का, ते आधी बघा

नवे सीईओ नफ्याचे आकडे फिरवतात का, यावरच्या प्रबंधाबद्दलची तुमची पोस्ट दोनदा वाचली. सीईओ बदलला त्या वर्षी अ‍ॅक्रुअल (म्हणजे नफा आणि हाती आलेली रोकड यांतला फरक) एकदम खाली, पुढच्या दोन वर्षांत पुन्हा वर, निकालापुढे तीन-तीन तारका (संख्याशास्त्राच्या दृष्टीने भक्कम असल्याची खूण), गाईड म्हणतात लिहून टाक, "पण मला कुठेतरी खटकतंय." हे शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. कारण अगदी हाच आलेख मलाही मिळाला होता आणि मला काहीच खटकलं नव्हतं.

नेतृत्वाचा हिशेबावर परिणाम का व्हावा, हॅम्ब्रिक आणि मेसन १९८४ मध्ये काय म्हणाले (कंपनीच्या निर्णयांत वरच्या माणसांचा स्वभाव आणि अनुभव उतरतो), 'बिग बाथ' म्हणजे काय (नव्या माणसाने सगळा तोटा पहिल्याच वर्षी दाखवून टाकणं), हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार; त्यात जात नाही. मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि तिचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. एकूण अ‍ॅक्रुअल तुम्ही "ताळेबंदातल्या फरकांवरून" काढले आहेत. घोडं तिथेच पेंड खातंय.

सूत्र आपण सगळेच तोंडपाठ म्हणतो. चालू मालमत्तेतला बदल, त्यातून रोख वजा. चालू देण्यांतला बदल, त्यातून अल्पमुदतीचं कर्ज वजा. दोन्हींचा फरक, मग घसारा वजा. कागदावर निर्दोष. पण यात एक गृहीतक दडलेलं आहे : येण्यांमध्ये किंवा साठ्यामध्ये जो काही बदल झाला, तो नफा-तोट्याच्या पत्रकातूनच आला. कंपनीने वर्षात काही विकत घेतलं किंवा विकलं, की हे गृहीतक कोसळतं.

समजा, येणी १०० वरून १६० झाली. ताळेबंदवाल्या सूत्राला ६० ची वाढ दिसते. पण त्यातली ५० ही वर्षभरात विकत घेतलेल्या कंपनीची जुनी येणी आहेत, एकत्रीकरणात आत आलेली. त्या ५० चा आपल्या कंपनीच्या नफ्याशी काहीही संबंध नाही. धंद्यातून वाढली ती फक्त १०. कॅशफ्लो पत्रकात तुम्हाला १० च दिसतील, कारण अधिग्रहणाचा परिणाम तिथे वेगळा काढलेला असतो. विभाग विकला तर उलटं : येणी, साठा सगळं ताळेबंदातून गायब, आणि सूत्र म्हणतं, अरे वा, काय जबरदस्त ऋण (उणे) अ‍ॅक्रुअल!

आता नवा सीईओ पहिल्या वर्षी काय करतो ते आठवा. आधीच्याने जमवलेले नकोसे विभाग विकतो. नंतरच्या वर्षांत स्वतःच्या मनासारख्या कंपन्या घेतो. पहिल्या वर्षी खाली, मग वर. म्हणजे कुणीही एका आकड्याची फिरवाफिरवी केली नसली, तरी तुमचा आलेख हुबेहूब असाच येणार.

यात नवीन काही नाही, हेच जास्त लागतं. ह्रिबार आणि कॉलिन्स यांनी २००२ मध्येच हे दाखवून दिलंय : विलीनीकरण-अधिग्रहण, विभागांची विक्री आणि परकीय चलनाचं रूपांतर, या तीन कारणांनी ताळेबंदावरून काढलेले अ‍ॅक्रुअल बिघडतात. आणि ज्या घटनेचा आपण अभ्यास करतोय ती घटनाच या तिन्हींशी जोडलेली असेल, तर नसलेली फिरवाफिरवी 'सापडते'. मी हा लेख वाचला होता. संदर्भसूचीत होता माझ्या! वाचून, मान डोलावून, जुनंच सूत्र वापरलं.

का वापरलं, तर आधीच्या सगळ्यांनी तेच वापरलं होतं. त्यांचं कारण वेगळं होतं. अमेरिकेत कॅशफ्लो पत्रक सक्तीचं करणारं मानक १९८७ मध्ये आलं. हीली यांचा १९८५ चा लेख त्याआधीचा. जोन्स यांचं १९९१ चं, नफ्याची फिरवाफिरवी ओळखण्याचं मॉडेलही बहुतांशी त्याआधीच्या आकड्यांवर उभं. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. आपल्यापुढे आहे आणि तरी आपण त्यांची अडचण पद्धत म्हणून चालवतो.

माझं बिंग एका चर्चासत्रात फुटलं. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी, ऑडिटमधून निवृत्त झालेल्या, शांतपणे विचारलं, "यातल्या किती कंपन्यांनी त्या वर्षी काही विकलं होतं?" मी आकार, कर्ज, वाढ असे नियंत्रक चल (ज्यांचा परिणाम वेगळा काढायचा ते घटक) घातल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते नाही विचारलं." त्या रात्री सर्वांत ऋण आकडे असलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडायला बसलो. पहिल्याच अहवालात एक अख्खा विभाग विकलेला. दुसऱ्यातही. पाचव्यानंतर मोजणं सोडून दिलं.

आणि मग खरा छळ सुरू झाला. आकडे नव्याने काढायला फार तर दोन आठवडे लागले असते. पण माझ्या मंजूर आराखड्यात ते सूत्र छापलेलं होतं, आणि आमच्या संस्थेच्या संशोधन कक्षाचं म्हणणं, की 'मंजूर पद्धतीत बदल' म्हणजे पुन्हा समिती. समितीची बैठक कधी? कोरम झाला की. अर्ज केला, तर म्हणाले गाईडची सही हवी. सही आणली, तर म्हणाले बदलाचं समर्थन जोडा. समर्थन जोडलं, तर एका सदस्याचा शेरा : "मूळ पद्धत चूक होती तर आधी मंजूर कशी झाली?" याला काय उत्तर द्यायचं? नऊ महिने गेले. त्या नऊ महिन्यांत कुणीही, एकानेही, मला हे विचारलं नाही की चूक नेमकी काय होती. असो. तुमच्या आराखड्यात सूत्र छापलेलं नसेल, तर कृपा करून छापू नका. "प्रचलित व योग्य मापनपद्धतींनी" एवढंच लिहा. माझ्या सगळ्या पीएचडीतला सर्वांत उपयोगी धडा हाच असेल कदाचित.

तर करायचं काय? चालू व्यवसायातला नफा घ्या, त्यातून कॅशफ्लो पत्रकातला कामकाजाचा रोकड प्रवाह वजा करा. मात्र खंडित (विकलेल्या किंवा बंद केलेल्या) व्यवसायाची रोकड त्या प्रवाहात मिसळलेली असेल तर ती आधी बाहेर काढा, नाहीतर विकलेला विभाग मागच्या दाराने परत आत येतो. आयएफआरएस ५ (विक्रीला काढलेल्या मालमत्तेचं आंतरराष्ट्रीय हिशेब मानक) लागू असलेल्या कंपन्यांत आणखी एक गंमत : 'विक्रीसाठी राखलेली' मालमत्ता वेगळ्या ओळीत जाते, बहुधा चालू मालमत्तेच्या शेजारी, आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद त्यासाठी बदलला जात नाही. त्यामुळे कारखान्याची इमारतसुद्धा एका वर्षापुरती चालू मालमत्तेच्या बेरजेत शिरू शकते. यंत्रावर विसंबू नका, निदान टोकाच्या कंपन्या हाताने बघा.

एक सावधगिरी. नवीन पद्धतीने घसरण पूर्ण नाहीशी होईलच असं मी म्हणत नाही. नवे सीईओ खरोखरच गुडविल (कंपनी विकत घेताना तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत) निर्लेखित करतात, म्हणजे तोटा म्हणून काढून टाकतात, पुनर्रचनेची तरतूद करतात. त्या गोष्टी नफा-तोट्यातून जातात, त्यामुळे त्या एकूण अ‍ॅक्रुअलमध्ये दिसल्याच पाहिजेत. म्हणून निर्लेखनं वेगळ्या रकान्यात ठेवा आणि खेळत्या भांडवलाचे अ‍ॅक्रुअल वेगळे. माझ्याकडे हे केल्यावर पहिला रकाना टिकला, दुसरा भुईसपाट झाला. शिवाय सीईओ बहुधा कामगिरी ढासळल्यावरच बदलतात, त्यामुळे नंतरची सुधारणा आपोआपही येते. कोठारी, लिओन आणि वॉस्ली यांची २००५ ची कामगिरीनुसार जोडी लावण्याची (तशाच कामगिरीच्या दुसऱ्या कंपनीशी तुलना करण्याची) पद्धत तुम्ही वापरली नसेल तर वापरा. तुमचा विदा (डेटा) मी पाहिलेला नाही, तेव्हा हे सगळं अंदाजानेच बोलतोय हे ध्यानात ठेवा.

तुमचा दुसरा प्रश्न : सीईओची एमबीए पदवी चल म्हणून घालू का? माझं मत विचाराल तर नको. बर्ट्रांड आणि शोअर यांनी २००३ मध्ये व्यवस्थापकांची 'शैली' दाखवली, एमबीएवाले जास्त आक्रमक असतात असंही दाखवलं, हे खरं. पण फी, हॅडलॉक आणि पिअर्स यांनी २०१३ मध्ये मृत्यू, आजारपण अशा बाहेरच्या कारणांनी झालेले बदल वेगळे काढले, तेव्हा कंपनीच्या धोरणात काही विशेष बदल दिसला नाही. म्हणजे आक्रमक व्हायचं आधी संचालक मंडळ ठरवतं आणि मग तसा माणूस आणतं, अशी शक्यता उरतेच. पदवीचा रकाना घालून तुम्ही कारण मोजताय की निवड, हे परीक्षक विचारणारच.

त्यापेक्षा सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) घ्या. नेतृत्वावर लिहिणारे सगळे सीईओच्या मागे लागतात आणि हिशेबाच्या नोंदी ज्याच्या टेबलावरून जातात तो माणूस राहूनच जातो. जिआंग, पेट्रोनी आणि वांग यांना २०१० मध्ये नफ्याच्या फिरवाफिरवीशी सीईओपेक्षा सीएफओच्या शेअर-प्रोत्साहनाचं नातं जास्त घट्ट दिसलं. तर फेंग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मोठे घोटाळे तपासून म्हटलं, की सीएफओ त्यात ओढले जातात ते मुख्यतः सीईओच्या दबावामुळे. ही दोन चित्रं एकमेकांशेजारी ठेवून बघा, प्रबंधाचा एक प्रकरणभर मजकूर तिथे पडलेला आहे.

थोडं विषयांतर. मी आता शिकवतो, आणि ही चूक मी वर्गातच शिकलो होतो असं मला वाटू लागलंय. परीक्षेच्या गणितात येण्यांतला फरक आणि कॅशफ्लोमधला आकडा नेहमी तंतोतंत जुळतो. जुळला नाही तर आपलं गणित चुकलं. त्यामुळे खऱ्या अहवालात तो जुळत नाही हे कुणी पाहतच नाही. मी हल्ली पहिल्याच आठवड्यात मुलांना एका खऱ्या कंपनीची दोन्ही पत्रकं देतो आणि विचारतो, हा फरक का? निम्मी मुलं बेरीज पुन्हा तपासत बसतात. तासाच्या शेवटी कुणीतरी अहवालातल्या हिशेबांच्या टिपा उघडतं.

गाईडना कसं सांगायचं याची धास्ती वाटत असेल, तर पद्धतीवरून वाद घालायला जाऊ नका. तुमच्या यादीतली सर्वांत ऋण कंपनी घ्या, तिचा ताळेबंद आणि कॅशफ्लो शेजारी छापा, येण्यांच्या दोन आकड्यांना गोल करा आणि टेबलावर ठेवा. पण त्याआधी पहिले दहा अहवाल स्वतः उघडा. टिपा शेवटाकडून वाचत या, विकलेल्या विभागाचा तपशील बहुधा तिकडेच असतो.