जास्वंदीच्या छायाचित्रावरून फ्युजिबलने केलेले फूल सपाट आणि उलटे का येते?

तुमचा प्रश्न असा आहे, की स्वतः काढलेल्या लाल जास्वंदीच्या छायाचित्रावरून तुम्ही आर्ट क्विल्ट, म्हणजे कापडाचे थर शिवून केलेले चित्र, करायला घेतले, पाकळ्या फ्युजिबल (इस्त्रीच्या उष्णतेने कापडाला चिकटणारा, कागद लावलेला गोंदाचा पातळ थर) लावून कापल्या, इस्त्रीने चिकटवल्या. पण फूल छायाचित्राच्या आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे आले, काही तुकड्यांमध्ये फटी राहिल्या आणि सगळे फूल कागदी कात्रणासारखे सपाट दिसू लागले. या तिन्ही गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत. त्यांपैकी उलटे येणे आणि फटी राहणे ही तंत्रातली चूक असल्यामुळे ती एकदा समजली की पुन्हा होत नाही. सपाटपणा मात्र कापडाला कात्री लागण्याआधीच, पेन्सिल हातात असतानाच ठरून गेलेला असतो, म्हणून मी त्याच्यापासूनच सुरुवात करते.

छायाचित्रातले फूल आपल्याला गोलाकार, खोलगट आणि उठावदार दिसते ते लाल रंगामुळे नव्हे, तर उजेड आणि सावली यांच्यातल्या अंतरामुळे. आपण कापड निवडताना मात्र रंगाकडे पाहतो आणि दुकानातून चार सुंदर लाल कापडे आणतो, जी गडदपणाच्या दृष्टीने जवळजवळ सारखीच असतात. ही कापडे शेजारीशेजारी ठेवून मोबाइलवर त्यांचे कृष्णधवल छायाचित्र घ्या. चारही एकाच राखाडी रंगाची दिसली, तर त्या कापडांतून कितीही नेटके काम केले तरी पाकळीला वळण येणार नाही. जास्वंदीसाठी मी साधारण पाच छटा ठरवते: पाकळीच्या कडेवर पडलेल्या उजेडासाठी फिकट गुलाबी किंवा नारिंगी, मधल्या भागासाठी दोन लाल, एका पाकळीची सावली दुसरीवर पडते तिथे गडद किरमिजी, आणि गाभ्याजवळ जवळजवळ काळपट वाटावा असा मरून. पहिली आणि पाचवी छटा फुलात थोडीच लागते, पण फुलाला उठाव येतो तो त्या दोघींमुळे, आणि नवख्या माणसाच्या कामातून नेमक्या त्याच गळतात, कारण एक ‘लाल नाही’ असे वाटते आणि दुसरी ‘फार काळी’ वाटते.

लाल फुलाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. भर उन्हात लाल फुलाचे छायाचित्र घेतले की कॅमेऱ्यात लाल रंग इतका भरून येतो की पाकळीवरचे बारीक चढउतार पुसले जातात. शक्य असल्यास सकाळच्या कोवळ्या, बाजूने येणाऱ्या उजेडात, एक्स्पोजर थोडे कमी ठेवून पुन्हा छायाचित्र घ्या. ते आधी कृष्णधवल करा आणि मग फोटो-संपादनाच्या अ‍ॅपमधल्या पोस्टराइझ (छटा मोजक्या करणाऱ्या) या सोयीने त्यातल्या छटा पाचवर आणा. लाल फूल आणि हिरवी पाने कृष्णधवलमध्ये पुष्कळदा एकमेकांत मिसळून जातात हेही तिथेच कळेल. तसे झाले तर पार्श्वभूमीचे कापड फुलापेक्षा स्पष्टपणे गडद किंवा स्पष्टपणे फिकट घ्यावे. छायाचित्रात होते तेच ठेवण्याचे बंधन आपल्यावर नाही.

आता रेखाटन. छायाचित्र हव्या त्या आकारात मोठे करून छापा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि छटा जिथे बदलते तिथे रेषा काढा. पोस्टराइझ केलेल्या चित्रात शेकडो बारीक ठिपके आणि तुकडे दिसतात. ते सगळे उतरवू नयेत. नखापेक्षा लहान तुकडा शेजारच्या छटेत मिसळून टाकावा, कारण तो कापताना सुटतो, आणि तेवढा तपशील पुढे धाग्याने जास्त चांगला येतो. पाच पाकळ्यांचे फूल मी साधारण तीस ते चाळीस तुकड्यांत बसवते. प्रत्येक तुकड्यावर पाकळीचे अक्षर आणि छटेचा आकडा लिहा, म्हणजे ‘अ-३’ किंवा ‘क-५’. हे कंटाळवाणे वाटले तरी टाळू नका, कारण कापल्यानंतर सगळे तुकडे एकसारखे दिसू लागतात.

फूल उलटे येण्याचे कारण सोपे आहे. कागद असलेले फ्युजिबल कापडाच्या उलट बाजूला चिकटते आणि आपण आकार त्या कागदावर काढलेला असतो. त्यामुळे कापड सुलट केले की आकार डावीकडचा उजवीकडे जातो. म्हणून मूळ रेखाटन पालथे घालून, खिडकीच्या काचेवर किंवा लाइट बॉक्सवर (आतून उजेड येणाऱ्या पाटीवर) धरून, उलट दिसणाऱ्या रेषा कागदावर गिरवाव्यात. इथे एक खुलासा करायला हवा. कॉलरसाठी शिंपी वापरतात ते फ्युजिंग एका बाजूलाच चिकटते. तुम्हाला हवे आहे ते दोन्ही बाजूंनी चिकटणारे जाळीसारखे फ्युजिबल वेब, आणि तेही शिवता येईल असे हलके. जाड, न शिवता वापरायचे प्रकार सुईला दाद देत नाहीत.

फटी राहतात त्या तुकडे रेषेला रेषा लावून कापल्यामुळे. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे खाली जाणाऱ्या तुकड्याला सुमारे ५ मिलिमीटर जादा कड ठेवावी आणि वरचा तुकडा नेमक्या रेषेवर कापावा. कोणता खाली जाईल हे छायाचित्रात मागे काय आहे यावरून ठरते. पण एकाच पाकळीतल्या दोन छटांचा प्रश्न असेल तेव्हा फिकट खाली आणि गडद वर ठेवावी, कारण गडद कापड फिकट कापडाखालून झिरपल्यासारखे दिसते.

जास्वंदीत या क्रमाचा एक सुंदर पेच आहे. तिच्या पाकळ्या पिळल्यासारख्या एकीवर एक येतात: पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, असे करत पाचवी पुन्हा पहिलीवर. त्यामुळे सर्वांत खालची अशी पाकळीच नसते. छायाचित्रात असे दिसत असेल, तर पहिली पाकळी ठेवताना तिच्या एका कडेवर इस्त्री फिरवू नका. बाकीच्या बसवून झाल्या की ती मोकळी कड उचलून शेजारच्या पाकळीची कड तिच्याखाली सरकवा आणि मगच दाबा.

इस्त्रीपूर्वी कापडे सॉफ्टनर न घालता धुऊन घ्या, कारण नव्या कापडाची खळ चिकटण्याच्या आड येते. घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. बाटिक त्यासाठी फार चांगले, त्याच्या कडा सहज उसवत नाहीत. आकाराभोवती थोडा कागद सोडून फ्युजिबल कापा, कापडाच्या उलट बाजूला लावा आणि मगच रेषेवर कापा. इस्त्री कोरडी की वाफेची, किती गरम आणि किती सेकंद, हे फ्युजिबलच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून पुडक्यावरची सूचना पाळा आणि आधी चिंधीवर करून पाहा. इस्त्री सरकवायची नाही, उचलून ठेवायची. फार वेळ दाबली तर गोंद कापडात मुरून जातो आणि पुढच्या थराला धरत नाही. कागद थंड झाल्यावरच काढावा, आणि निघत नसेल तर मध्यभागी टाचणीने ओरखडा काढून तिथून सोलावा. मोठ्या तुकड्यांमध्ये फ्युजिबलचा मधला भाग आधीच कापून काढला तर क्विल्ट पुठ्ठ्यासारखे ताठ होत नाही.

फूल थेट पार्श्वभूमीवर जुळवू नका. सुलटे रेखाटन खाली, त्यावर पारदर्शक टेफ्लॉन शीट किंवा बेकिंगचा कागद, आणि त्यावर क्रमाने तुकडे, असे हलकेच चिकटवत गेले की थंड झाल्यावर अख्खे फूल एकसंध सोलून निघते. मग ते पार्श्वभूमीवर हवे तिथे सरकवून पाहता येते. मी ते भिंतीवर टाचून एक रात्र तसेच ठेवते आणि सकाळी लांबून पाहते. चुकलेली छटा तेव्हा लगेच दिसते.

शिलाईत सपाटपणा आणखी कमी होतो. बॅटिंग (मधला मऊ भराव) आणि पाठचे कापड लावल्यावर मशीनचे कापड पुढे ढकलणारे दाते खाली करून, फ्री मोशनने, म्हणजे कापड हाताने हवे तसे फिरवत, प्रत्येक तुकड्याच्या कडेपासून १ ते २ मिलिमीटर आत शिवा. नुसता गोंद कायमचा धरत नाही. त्यानंतर गाभ्यापासून कडेकडे जाणाऱ्या शिरा धाग्याने ओढा, गाभ्याजवळ दाट आणि कडेला विरळ. सुईला गोंद चिकटून टाके सुटू लागले तर ती स्पिरिटने पुसा किंवा बदला. मधला लांब केसरदांडा कापडाचा करावा, पण त्याच्या टोकाकडच्या भागातले पिवळे परागकोश मी हाताने गाठीच्या टाक्यांनीच भरते.

हातातले फूल टाकून देऊ नका. ते उलटे असले तरी पाहणाऱ्याला कळणार नाही, आणि शिलाई अजून झालेली नाही. गडद मरून कापडाचे पाच निमुळते तुकडे कापून पाकळ्या एकमेकींखाली जातात तिथे बसवा, कडांच्या वळणांवर फिकट गुलाबीचे तीन-चार पातळ तुकडे लावा, फटी राहिल्या आहेत त्या याच तुकड्यांखाली झाका, आणि पुन्हा एकदा कृष्णधवल छायाचित्र घेऊन पाहा.